गोजराची राखण

मुलांनो, जीव लावून केलेली राखणही कधी घात करते, हे तुम्ही ऐकले आहे का?

एका गावात नदीकाठी जुना पिंपळ होता. त्याच्या ढोल्यांत पोपटांची वस्ती होती. गावाचा त्यांच्यावर फार जीव. ज्वारीच्या कडेच्या ओळीची कणसे कुणी खुडत नसे. तिला राव्यांचा वाटा म्हणत.

त्या वाट्याची राखण गोजरा करी. सासूने मरताना तिच्या हाती गोफण दिली होती आणि म्हटले होते, "आपली पाखरं उपाशी ठेवू नकोस." गोजराने शब्द पाळला. नदीपलीकडच्या रानातून परके पोपट आले, की ती मचाणावर उभी राहून गोफण फिरवी. थवे माघारी वळत. गाव तिचे कौतुक करी.

वर्षे गेली. पिंपळावर एकाच रक्ताची पाखरे उरली. भावाबहिणींच्याच जोड्या जमू लागल्या. पिले अशक्त निपजू लागली, कुणाची चोच वाकडी, कुणाचे पंख लुळे. एका पावसाळ्यात रोग आला आणि निम्मी वस्ती गेली. पुढे तर अंड्यांतून पिलेच येईनात.  गोजराने पहारा आणखी कडक केला.

तिची धाकटी जाऊ सगुणा नदीपलीकडची. एका संध्याकाळी ती भाकरी घेऊन मचाणावर आली. तेवढ्यात पलीकडून पोपटांची एक जोडी आली. गोजराने गोफणीत खडा घातला.

सगुणा म्हणाली, "जाऊबाई, मीही पलीकडचीच. मला बरी वाजतगाजत आणलीत."

"तू काय कणसं खायला आलीस?"

"भाकरी तर खातेच की." मग ती हळूच म्हणाली, "आपण सोयरीक परगावी करतो. गावाचा वळूसुद्धा परगावचा आणतो. या पाखरांनीच काय पाप केलं?"

गोजराचा हात तसाच राहिला. गोफण खाली ठेवायची म्हणजे इतकी वर्षे आपणच आपल्या पाखरांच्या मुळावर उठलो, हे मान्य करायचे. तिचे डोळे भरून आले. मग तिने खडा मातीत टाकला. ती जोडी राव्यांच्या वाट्यावर उतरली आणि निवांत दाणे टिपू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन परके पोपट पिंपळावर गावच्या पाखरांत बसले होते, आणि मचाण रिकामे होते.

तात्पर्य: आपल्यांना जपणे म्हणजे त्यांना एकटे पाडणे नव्हे. नव्या रक्ताची वाट मोकळी राहिली, तरच वंश टिकतो.