आऊसाहेबांचा लाल खडा

कर्दळगावचे सरदार जानराव ग्रहांना फार भ्यायचे. त्यांच्या बोटाबोटांत खडे होते आणि नवा खडा आला की तो आधी उशाखाली ठेवून निजायचे. लाभतोय अशी खात्री पटली, की मगच तो अंगठीत, आणि एकदा लाभलेला खडा पुन्हा काढायचा नाही.

एकदा त्यांच्या आईच्या, आऊसाहेबांच्या, अंगठीतला लाल खडा हलायला लागला. तो घट्ट करायला म्हातारे नारोशेट सोनार आले.

सरदारांनी विचारलं, "माणिक आहे ना?"

नारोशेटांनी खडा उजेडात धरला. "नाही सरकार, काच आहे."

"काच? माझ्या आईच्या बोटात? काढून फेका आणि अस्सल माणिक बसवा!"

ती अंगठी थोरल्या सरकारांनी, म्हणजे जानरावांच्या वडिलांनी, साधे शिलेदार असताना, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत घेऊन दिली होती. आऊसाहेबांनी आपलं मोकळं बोट दुसऱ्या हाताने झाकून घेतलं. नारोशेटांना ते दिसलं.

"बसवतो की," ते म्हणाले. "पण लाभलेला खडा काढायचा नाही, हा तुमचाच नेम. हा लाभला की नाही, तेवढं सांगा."

"काच कुणाला लाभते का?"

"सरकार, हा खडा बोटात आला आणि वर्षाच्या आत आऊसाहेबांच्या पोटी तुम्ही आलात. लाभला नाही म्हणायचं, तर तुम्हीच म्हणा. माझी जीभ रेटत नाही."

तोच खडा घट्ट होईपर्यंत सरदार तिथेच बसून राहिले. मग अंगठी त्यांनी स्वतःच आईच्या बोटात घातली.

आऊसाहेबांनी आधी खड्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"लाभला हो, नारोशेट," त्या म्हणाल्या. "जरा हेकट निघाला, पण लाभला."