गेनबाचे इंग्रजी कष्ट

एका गावात गेनबा नावाचा शेतकरी होता. त्याची जीभ त्याच्या नांगरापेक्षा खोल जायची. माणूस वाईट नव्हता आणि आळशी तर मुळीच नव्हता. पण केलेल्या कामाचे कौतुक ऐकल्याशिवाय त्याला भाकरी गोड लागत नसे.

एकदा तो शहरात मेव्हण्याकडे चार दिवस राहून आला. मेव्हणा कचेरीतून घरी आला की खुर्चीत अंग टाकायचा आणि म्हणायचा, "आज फार हेक्टिक झालं." लगेच पंखा लागायचा, चहा यायचा, पोरे गप्प व्हायची. गेनबा बघतच राहिला. गावाकडे 'दमलो' म्हटले तर बायको म्हणायची, दमलात तर हातपाय धुवा. त्याने परतण्यापूर्वी मेव्हण्याकडून असे सगळे शब्द घोकून घेतले.

गावी आल्यावर रोज संध्याकाळी पारावर त्याचे सुरू झाले. आज रान फारच टफ लागले. कालचे खुरपण तर नुसते हेक्टिक. आणि परवा तर तो पुरता एक्झॉस्टेड झाला होता. लोक अर्थ विचारायचे आणि गेनबा तो तिखटमीठ लावून सांगायचा. टफ म्हणजे बैलाचा खांदा सोलवटतो. हेक्टिक म्हणजे माणसाला आपले डोके कुठे आहे ते समजत नाही. एक्झॉस्टेड म्हणजे जीव नुसता नाकाशी येऊन थांबतो. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. पारावरची ऐसपैस जागा गेनबाला मिळू लागली, चहाचा पहिला कपही त्याचाच. स्वारी खुशीत होती.

परतीचा पाऊस झाला आणि रान वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर आले. आता ज्वारी पेरायची ती ओल आहे तोवरच. नेमका त्याच वेळी गेनबाचा एक बैल पायाने अधू झाला. गेनबा काही घाबरला नाही, कारण त्या गावात इर्जिकीची रीत होती. ज्याचे काम अडेल त्याच्या रानात बाकीच्यांनी आपापली अवजारे नि बैल घेऊन जायचे, मजुरी घ्यायची नाही, आणि घरधन्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. गेनबा आमंत्रण द्यायला निघाला.

पहिलेच घर रंगूतात्यांचे. तात्या म्हणजे गावातले सगळ्यात जाणते माणूस, आजवर एकही इर्जिक न चुकवलेले. त्यांनी गेनबाला पाणी दिले, बसवले आणि मान हलवली.

"बाबा, माझी जोडी आता म्हातारी झाली. तुझ्या त्या टफ रानात तिचे खांदे सोलवटून घेऊ काय?"

गेनबा म्हणाला, तसे काही नाही तात्या, रान अगदी लोण्यासारखे आहे.

"मग रोज पारावर काय सांगत होतास?"

गेनबा खाली मान घालून उठला. पुढच्या घरी तेच झाले, त्याच्या पुढच्या घरीही तेच. एकाने तर आपल्या पोराचे डोके जागेवर राहावे म्हणून हात जोडले. गेनबा घरी आला आणि उंबऱ्यावर बसला. ओल रोज थोडी थोडी उडत होती.

त्याची बायको तुळसा सगळे ऐकून आधी पोट धरून हसली. मग जवळ येऊन म्हणाली, "खरं सांगून टाका. लाज जाईल, पर ज्वारी तर येईल."

गेनबाला ते जड गेले. एवढे जड काम त्याने रानात कधी केले नव्हते. पण संध्याकाळी तो पारावर गेला आणि सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "माझं रान तुमच्यासारखंच हाय. तुम्ही दमता तेवढाच मी दमतो. बाकीचं समदं मी चहासाठी बोललो."

मग तात्या खो खो हसले आणि त्यांच्यामागे सगळा पार हसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बैलांच्या गळ्यातली घुंगरे वाजली. कोणी कुळव आणला, कोणी पेरणीची पाभर, एकाने हलगी आणली. गाणी म्हणत, एकमेकांना चिडवत माणसे रानात उतरली. गेनबा सगळ्यांच्या पुढे होता. उन्हे कलायच्या आत शेवटचा दाणा मातीत गेला, आणि तुळसाने बांधावर पुरणपोळ्यांची पाटी उघडली. काय तो आनंद!

गेनबा घामाने निथळत पंगतीत वाढत होता. तात्यांनी मुद्दाम विचारले, "काय रं, कसं झालं आजचं काम?"

पंगतीतले हात थांबले. आता कुठला शब्द येतो म्हणून सगळे कान देऊन बसले.

गेनबा म्हणाला, "सगळ्यांनी मिळून झालं, तात्या. पोळी घ्या."

तात्पर्य: आपल्या कष्टांचा डोंगर करून सांगितला, की तो चढायला सोबत कोणी येत नाही; आहे तेवढेच सांगावे, म्हणजे हात लावायला गाव येते.