तिचं रक्त कुणाचं?

“आता तरी मान्य कराल ना, सर? भावाच्या पेशी हरल्या. आपल्या जिंकल्या.”

कौस्तुभ पेठेने रिपोर्ट टेबलावर ठेवला.

नंदुरबारकडची विमल वळवी. रक्ताचा कर्करोग. गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या मूळपेशी तिला चढवल्या. आठ महिन्यांत रोग उलटला. मग कौस्तुभने तिच्या रक्तातल्या लढाऊ पेशी काढून घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांना रोग ओळखायला शिकवलं आणि पुन्हा तिच्या अंगात सोडल्या. चार दिवस ती तापाने फणफणली. तो खाटेपासून हलला नाही.

आज, महिन्याभराने, रोगाची एकही पेशी सापडली नव्हती.

जमादार सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. पस्तीस वर्षं हेच आजार पाहिलेले सर. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

“शाबास.”

मग म्हणाले, “तू शिकवलेल्या पेशी कुणाच्या?”

“विमलच्या. तिच्याच रक्तातून काढल्या.”

“आणि तिचं रक्त कुणाचं?”

कौस्तुभने रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. प्रत्यारोपणानंतर तिच्या अंगातलं रक्त भावाच्याच पेशींतून उगवलेलं. परीक्षेत हे त्याने पानभर लिहिलं होतं.

सर उठले. बाहेर बाकावर विमलचा भाऊ दिवाकर बसला होता. रोग उलटल्यापासून तो रोज डबा आणायचा, पण बहिणीच्या खोलीत पाऊल टाकायचा नाही. सरांनी त्याला हाताला धरून आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

“सांग यांना.”

कौस्तुभने सगळं सांगितलं.

“म्हणजे… ताईच्या अंगात लढल्या त्या माझ्याच?”

“तुमच्याच.”

“मग आधी का नाही लढल्या? मला वाटलं, माझं रक्तच खोटं निघालं.”

“खोटं नव्हतं. रोग लपून बसला होता, त्यांना दिसत नव्हता. आम्ही फक्त ओळख पटवून दिली.”

‘फक्त’ हा शब्द आपल्या तोंडून कसा आला, कौस्तुभला कळलं नाही.

दिवाकर खुर्चीतून उठला.

“आत जाऊ, साहेब?”

तो गेला. काचेतून दिसलं, त्याने बहिणीच्या पायांवर डोकं टेकलं होतं आणि तिचा सुकलेला हात त्याच्या केसांतून फिरत होता.

कौस्तुभचा हात दाराकडे गेला. सरांनी त्याची बाही धरली.

“सर, निदान बातमी तरी मी सांगतो तिला.”

“शिकवून झालं ना?… मग मास्तरानं दाराबाहेर थांबावं.”