आईचं ताट

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला एका गावात सोनकी नावाची मुलगी आईबरोबर राहायची. घरात दोघीच. त्या गावाची एक रीत होती, बरं का. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. गुळाचा खडा घालायचा, नसला तर अंगणातलं फूल. सोनकी रीतीला पक्की. सगळं गाव म्हणायचं, पोर गुणाची!

घरी मात्र जेवली की ताट सरकवायची आणि उठायची. आई जेवली का, विचारायची नाही. हसू नका. आज जेवून उठताना तुम्ही काय बोललात? राहू दे.

मग एके दिवशी आईची सावली पडेना. सोनकीला वाटलं, आभाळ आलं असेल. मग आईच्या बांगड्या वाजेनात. तिला वाटलं, पिचल्या असतील. मग एका सकाळी आई भाकरी थापत होती, आणि तिच्या हातांतून पलीकडचा विस्तव दिसत होता! जुनं लुगडं विरतं ना, तशी आई विरत चालली होती.

सोनकीनं आईचा पदर धरला. "आई, तुला काय होतंय गं?"

"काही नाही. तू जेव." आवाजही लांबून आल्यासारखा.

सोनकी रडत शेजारच्या ठकूआजीकडे धावली. म्हातारी जिभेची तिखट.

"माझी वाटी कधी रिकामी आणलीस?"

"नाही, आजी."

"आणि आईचं ताट?"

सोनकीची मान खाली गेली.

"अगं भवाने, उपसून उपसून विहीरसुद्धा आटते. आई तर माणूस आहे. जा घरी!"

मग सोनकी चुलीपुढे बसली. पहिली भाकरी मोडली. दुसरी करपली. तिसरी वाकडी झाली, पण फुगली. तिनं ती ताटात ठेवली, वर गुळाचा खडा ठेवला.

"आई, आज तू आधी. रोज मला करून घालतेस. मी कधी बोललेच नाही."

आईनं घास मोडला. इतक्या वर्षांत तव्यावरची गरम भाकरी ती पहिल्यांदा खात होती. बांगडी किणकिणली. भिंतीवर सावली उभी राहिली. मग आईचा हात सोनकीच्या डोक्यावर आला. चांगला जड होता.

पुढे दोघी सुखानं राहिल्या. त्या घरात पुन्हा कुणी मुक्यानं ताटावरून उठलं नाही.

चला, घ्या पांघरूण. ज्यानं घातलंय त्याला काय म्हणायचं ते म्हणा, आणि मिटा डोळे.