कातळावरचा उपदेश

समुद्राकाठच्या एका काळ्या कातळावर आश्रम बांधून पूर्वी एक वृद्ध तपस्वी आणि त्यांचा शिष्य राहत असत. हा कातळ म्हणजे कधीकाळी धरणीच्या पोटातून वाहत आलेला तप्त रस, थिजून दगड झालेला. आश्रमाच्या संमतीवाचून तिथला दगड कुणी फोडायचा नाही, असा गावाचा जुना नियम होता.

गुरू तीर्थयात्रेला निघाले. शिष्याने हात जोडले, "महाराज, जाण्यापूर्वी काही उपदेश करा." गुरूंनी शिंपल्याने कातळावर एकच शब्द लिहिला, 'राख', आणि ते होडीत बसले.

शिष्याला वैराग्याची भारी हौस. केवढा हा गूढार्थ, त्याला वाटले. सारे जळायचे, सारे राख व्हायचे! पुढे धक्का बांधायला दगड हवा म्हणून एक व्यापारी आला, तेव्हा हे महाशय डोळे मिटूनच म्हणाले, "शेवटी सगळी राखच. खुशाल न्या."

ही बातमी गावातल्या बायकांपर्यंत पोचली. त्या कातळाला चिकटलेली कालवं काढूनच त्यांची चूल पेटत होती. पण आश्रमाच्या शब्दापुढे बोलणार कोण?

व्यापारी पहारी घेऊन उतरला, त्याच सकाळी गुरू परतले. शिष्याने मोठ्या अभिमानाने सगळी हकिकत सांगितली. गुरू आधी पोट धरून हसले.

"अरे शहाण्या, मी नाम नव्हते लिहिले, क्रियापद लिहिले होते. राख, म्हणजे सांभाळ. हा कातळ आगीतून आला. तेव्हाच्या वाफेने पाडलेल्या भोकांत आज खेकडे संसार थाटून आहेत. बायका कालवांचे वरचे शिंपले तेवढे फोडतात, खालचे राहू देतात, कारण पुढची पिल्ले त्यांवरच चिकटून वाढतात. आगीचे घर व्हायला युगे लागली, आणि तू ते डोळे मिटून देऊन टाकलेस."

"आता हो, महाराज?"

"आता जा आणि शब्द मागे घे. लाज वाटेल. वाटू दे."

शिष्य धावत सुटला. "शेटजी, क्षमा करा, माझी व्याकरणात चूक झाली. दगड मिळणार नाही." व्यापाऱ्याला त्यातले ओ की ठो कळले नाही, पण त्याच्यामागे कोयते घेऊन उभ्या राहिलेल्या बायका मात्र स्वच्छ दिसल्या. त्याने पहारी मुकाट्याने होडीत परत ठेवल्या. बायकांत एकच हशा पिकला.

शिष्याला तर आनंदाने उभे राहवेना. तो तिथेच बसकण मारणार, एवढ्यात बायकांमधली सर्वांत वयस्क नागूबाई म्हणाली, "महाराज, जरा बघून. कालवं हायत तिथं, कापतील."

शिष्याने आयुष्यात पहिल्यांदाच बसण्यापूर्वी खाली पाहिले, आणि हळूच पलीकडे सरकला.