पाचवी दुर्बीण

बंदुका बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. नेमबाजीचे भारी हौशी मोकाशीसाहेब यांनी रायफलीवर चौथी महागडी दुर्बीण चढवली, तेव्हा रायफल पार वैतागली होती.

“मला हजार मीटरवरची माशीसुद्धा दिसते!” दुर्बीण म्हणाली.

“आधीच्या तिघींनाही दिसायची,” रायफल फणकारली. “पण बार उडाला की तुम्ही सगळ्या जागच्या हलता. तुमचे स्क्रू कुणी आवळतच नाही!”

बार उडाला. दुर्बीण हलली. पुढचे सगळे नेम चुकले.

“काचच भिकार!” म्हणत साहेबांनी पाचवी दुर्बीण मागवली.

तिच्या खोक्यात स्क्रू आवळायचा चिमुकला पाना होता. “अहो, तो घ्या! आता तरी घ्या!” रायफल ओरडली.

साहेबांनी दुर्बीण अलगद उचलली, काच फुंकर मारून पुसली आणि पाना नेहमीसारखा खोक्यासकट केरात टाकला.