वैद्यबुवांची घडी

एकदा एक पुडी पोलीस ठाण्याच्या टेबलावर येऊन पडली. पुडीत चिमूटभर गांजा होता आणि ती ज्याच्या खिशात सापडली तो वीस वर्षांचा तरुण समोर मान खाली घालून उभा होता. तालुक्याच्या त्या गावात एक वृद्ध वैद्य होते, हा त्यांचाच शिष्य. चार वर्षे त्यांच्या घरी राहून तो औषधे कुटायला, चाळायला आणि पुड्या बांधायला शिकत होता. गेले काही महिने मात्र संध्याकाळी नदीच्या बंधाऱ्यावर दोन मित्रांबरोबर बसून तो नको ते ओढू लागला होता. त्या दिवशी पोलिसांची गाडी आली, मित्र पळाले आणि हा सापडला.

इथवर नवल काही नाही. अशी मुले प्रत्येक गावात सापडतात, आणि ती आपली नसतात तोवर आपल्याला त्यांच्याविषयी बरेच काही बोलता येते. नवल पुढे आहे. हवालदाराने पुडी हातात घेतली, उघडण्याआधी उलटी केली आणि तो थबकला.

वैद्यबुवांची पुडी बांधण्याची एक रीत होती. कागदाची तिरपी घडी, दोन्ही बाजू आत, आणि शेवटचे टोक दोनदा दुमडून पोटाशी खोचलेले. पिशवीत कशीही उलटीसुलटी झाली तरी कणभर चूर्ण सांडत नसे. अक्षरओळख नसलेली माणसेही ही घडी ओळखत आणि आत काय आहे हे न विचारता औषध घेत. शिष्याला गांजा मिळाला होता वर्तमानपत्राच्या तुकड्यात. तो सांडू लागला म्हणून त्याने नव्या कागदात बांधला, आणि त्याच्या बोटांना दुसरी घडी येतच नव्हती. चार वर्षांची विद्या अशी कामी आली.

"आरं, ही तर वैद्यबुवांची पुडी," हवालदार म्हणाला. "माझ्या आईचं दम्याचं औषध असंच येतं. त्यांनी दिलं का रं तुला हे?"

'नाही' एवढा एक शब्द पुरेसा होता. शिष्याला तो उच्चारता आला नाही. 'हो' म्हणण्याइतका तो वाईट नव्हता, पण औषध समजून कदाचित सोडून देतील अशी एक आशा मनाला शिवली आणि तो गप्प राहिला. ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो त्यांच्यावर आळ येतो आहे, हे कळत असताना गप्प राहिला. गांजाची लाज त्याला पुढे वाटलीच, पण या गप्प राहण्याची त्याहून कितीतरी अधिक वाटली.

वैद्यबुवांना बोलावणे गेले. ते आले, चष्मा लावून त्यांनी पुडी उघडून पाहिली, मग शिष्याकडे पाहिले.

"घडी माझी आहे," ते हवालदाराला म्हणाले. "आतला माल माझा नाही. मुलगा मात्र माझा आहे."

तेव्हा कुठे शिष्याच्या तोंडून शब्द फुटला. पुडी मीच बांधली, गुरुजींना यातले काही ठाऊक नाही, असे त्याने रडत रडत सांगितले. परंतु उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णांच्या देखत वैद्यबुवांच्या घराची झडती झाली. बरण्या उघडल्या गेल्या, चूर्णे हुंगली गेली. सापडले काही नाही. तरी दुपारपर्यंत गावभर झाले, आणि संध्याकाळी दोन घरांतून पुड्या परत आल्या, न उघडलेल्या.

खटला उभा राहिला तेव्हा वकिलांनी एक वाट सुचवली. कुणीतरी माझ्या खिशात टाकली, असे म्हणायचे. शिष्याने वैद्यबुवांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते. न्यायाधीशांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पुडी माझी होती. मीच बांधली होती." पहिलीच वेळ, माल थोडा आणि कबुली खरी, हे ध्यानात घेऊन न्यायाधीशांनी दंड केला, पुन्हा इथे दिसू नकोस अशी समज दिली आणि सोडून दिले.

घरी आल्यावर शिष्याने आपली वळकटी बांधली. वैद्यबुवांनी ती सोडली. मग तो म्हणाला, "गुरुजी, मला मागच्या खोलीत राहू द्या. कुटायचं काम करीन. पुडीला हात लावणार नाही, लोकांसमोर येणार नाही." गावातली चार शहाणी माणसेही वैद्यबुवांना हेच सांगून गेली होती.

वैद्यबुवांनी नेमके उलटे केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिष्याला ओटीवर, रस्त्यावरून दिसेल असे बसवले आणि सांगितले, "आजपासून सगळ्या पुड्या तूच बांधायच्या. बांधलेली पुडी घेणाऱ्यासमोर उघडायची, आत काय आहे ते सांगायचं, दाखवायचं आणि पुन्हा बांधून द्यायची." आणखी एक गोष्ट त्यांनी केली. त्यांची बैठक आतल्या चौरंगावर असे, ती सोडून ते ओटीवर शिष्याच्या सतरंजीवर येऊन बसले.

त्या ओटीवरचे दिवस शिष्याला फार जड गेले. कुणी पुडीकडे पाही, कुणी त्याच्याकडे. एका गृहस्थांनी चूर्ण चाखून पाहिले आणि हसले. हवालदाराची आई दर सोमवारी येई. ती तर पुडी नाकाशी नेऊन हुंगे आणि मग वैद्यबुवांकडे पाहून मान हलवी. "ही सुंठ, ही पिंपळी, हे ज्येष्ठमध," असे सांगताना शिष्याचे कान तापत. संध्याकाळ झाली की पाय बंधाऱ्याकडे ओढ घेत. त्या वेळी वैद्यबुवा काठी घेऊन उठत आणि म्हणत, "चल, मला फिरायला सोबत हवी." ते दुसऱ्या रस्त्याने जात.

दीड महिन्याने एके दिवशी शिष्याचा धीर सुटला. "गुरुजी, माझी अशी धिंड किती दिवस? शिक्षा तर कोर्टानं केली."

वैद्यबुवांनी कागदाचे चौकोन जुळवून ठेवले. मग म्हणाले, "ही शिक्षा नाही, बाळ. मागच्या खोलीत तुला बरं वाटलं असतं, मला ठाऊक आहे. लाज वाटली की माणूस आडोसा शोधतो. पण जे बिघडलं ते आडोशालाच बिघडलं ना? लोक तीस वर्षं माझी पुडी न उघडता घेत होते. तो विश्वास शपथा घेऊन परत मिळत नाही, ना मला ना तुला. पुडी उघडूनच दाखवावी लागते. किती दिवस, ते आपण ठरवायचं नाही, घेणाऱ्यानं ठरवायचं." त्यांनी ओटीवरून रस्त्याकडे पाहिले. "आणि गावाचे डोळे तपासणाऱ्या मला घरातल्या पोराचे लाल डोळे दिसले नाहीत. त्याची लाज माझी आहे. म्हणून मीही बाहेर बसलोय."

 शिष्याने पुढचा कागद घेतला.

पावसाळा सरला, थंडी पडली, दम्याचे रुग्ण वाढले. एका सोमवारी हवालदाराची आई धापा टाकत आली आणि ओटीच्या कडेला टेकली. शिष्याने पुडी बांधली, आणि नेहमीप्रमाणे उघडायला टोक सोडवू लागला.

"ऱ्हाऊ दे रं लेकरा," म्हातारी म्हणाली. "बांधलीयंस तशीच दे."

शिष्याचे हात थांबले. त्याने वैद्यबुवांकडे पाहिले. ते मान खाली घालून चूर्ण चाळत होते. क्षणभराने त्याने पुडी तरीही उघडली, तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "ही सुंठ, आजी. ही पिंपळी. हे ज्येष्ठमध."

म्हातारीचे तिकडे लक्षच नव्हते. ती पायरीखाली आपली चप्पल शोधत होती.